पोट फुगतंय? सोनोग्राफी करा
(महिला मंडळातील भाषण)

भगिनींनो, पोट सारखं फुगतं, दोन घासांत भरतं, तर आपण ओवा नाहीतर गॅसची गोळी घेतो. दोन-तीन आठवडे रोज असंच होत असेल, त्यात पाळी गेलेली असेल, तर अंडाशयाची सोनोग्राफी कराच. नगरमध्येच होते. ‘या वयात कसली सोनोग्राफी?’ म्हणून लाजू नका. ती काही फक्त गरोदरपणाची नाही!

गाठीत नुसतं पाणी असेल तर बहुधा साधी. आत घट्ट भाग किंवा पोटात पाणी दिसलं की कॅन्सरचा संशय. मग सीटी स्कॅन. आजार कुठवर पसरलाय ते त्यात कळतं. अंडाशयापुरता असेल तर पहिली स्टेज, पोटाच्या अस्तरावर गेला तर तिसरी. पण ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी सीटीतही सुटतात, म्हणून नक्की स्टेज बहुधा ऑपरेशनमध्येच ठरते.

काहीच त्रास नसताना मात्र दरवर्षी सोनोग्राफी नको. ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांचा अभ्यास झाला. अशा तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत, असं २०२१ मध्ये दिसलं.