अर्धशिशी आणि गोळ्यांचा रोजमेळ

(ट्रस्टच्या आरोग्य व्याख्यानमालेतील भाषण)



आरोग्याच्या व्यासपीठावर कापडाचा व्यापारी कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; औषध सुचविण्याचा मला अधिकार नाही आणि तसे मी करणारही नाही. परंतु ज्या घरात अर्धशिशीने तीन पिढ्या मुक्काम केला, त्या घरातला मी आहे. तज्ज्ञांना विचारून आणि वाचून जे समजले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

हा आजार नवा नव्हे. सुश्रुताने अकरा शिरोरोग सांगितले, त्यांत ‘अर्धावभेदक’ आहे. बहुधा डोक्याच्या एका बाजूस ठणका लागतो, जिना चढले तरी तो वाढतो, मळमळ किंवा उलटी होते, उजेड आणि आवाज सोसवत नाही, आणि उपचार न केल्यास हे चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत चालते. काहींना दुखणे सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे ते तासभर डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. डॉक्टर त्यास ‘ऑरा’ म्हणतात. जगात साधारण सातांपैकी एका माणसास हा विकार असतो, आणि पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत तो सुमारे तिप्पट. मेंदूचा स्कॅन काढला तर तो बहुधा निर्दोष येतो आणि तिथेच घोटाळा होतो. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ असे म्हटले की घरच्यांच्या लेखी आजार संपला!

वस्तुतः दोष मज्जातंतूंच्या संवेदनशीलतेत आहे, आणि तो पुष्कळदा आनुवंशिक असतो. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूपासून सीजीआरपी नावाचे द्रव्य स्रवते आणि वेदना भडकते, हे ज्यांच्या संशोधनाने उलगडले, त्या एडविन्सन, गोड्सबी, मॉस्कोविट्झ आणि ओलेसन या चौघांना २०२१ साली मेंदूविज्ञानातील ‘ब्रेन प्राइझ’ हा मोठा पुरस्कार मिळाला. तेव्हा ‘हिचे नाटक आहे’ हे वाक्य आता तरी आपल्या घरांतून हद्दपार व्हावे.

आमच्या थोरल्या वहिनी महिन्यातून दोन-तीन वेळा अंधाऱ्या खोलीत कपाळाला फडके बांधून पडून राहत. घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणत, “लग्नकार्य आले की हिचे डोके बरे दुखते!” गंमत अशी की निरीक्षण अगदी अचूक होते, निष्कर्ष तेवढा उलटा. लग्नघरात काय असते? जागरण, वेळेवर न मिळालेले जेवण, उन्हातली वरात, अत्तराचा घमघमाट, बँडचा कल्लोळ. अर्धशिशीला चेतविणाऱ्या बहुतेक गोष्टी एका मांडवाखाली! माझ्या धंद्यातले एक उदाहरण सांगतो. काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांचे शर्टिंग उलगडले की काही गिऱ्हाइके डोळे मिटून मान वळवितात. ठळक पट्ट्यांची नक्षी अर्धशिशीच्या रुग्णांना सोसत नाही, हे पुढे वाचनात आले तेव्हा त्याचा उलगडा झाला. आपल्याकडील स्त्रिया ‘न्हाणे झाले की डोके धरते’ असे म्हणतात, त्यालाही आधार आहे. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी डोक्यावरून स्नान केल्याने अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ साली आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वहिनींचे दुखणे पन्नाशीच्या सुमारास कमी होण्याऐवजी रोजचे झाले. औषधाच्या दुकानातून मुले गोळ्यांची पाकिटे आणून देत आणि त्या घेत. अखेर मज्जातंतुतज्ज्ञांकडे गेल्यावर त्यांनी कोणतीही तपासणी सांगण्याआधी एकच काम दिले : महिनाभर तारीखवार लिहा, डोके कधी दुखले आणि गोळी कोणत्या दिवशी घेतली. ते काम माझ्याकडे आले, कारण घरातला रोजमेळ मीच लिहीत असे. महिनाअखेर बेरीज आली एकवीस दिवस. आकडा पाहून त्या स्वतःच स्तब्ध झाल्या. त्यांच्या अंदाजाने तो आठ-दहा असावयास हवा होता.

श्रोतेहो, डोकेदुखीची गोळीच डोकेदुखीचे कारण होऊ शकते. साधी वेदनाशामके महिन्यात १५ वा अधिक दिवस, आणि अर्गोटामाइन, ट्रिप्टान किंवा अनेक औषधे एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या महिन्यात १० वा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले की मेंदू त्या गोळीला सरावतो आणि तिचा अंमल उतरला की दुखू लागतो. व्याज फेडण्यासाठी नवे कर्ज काढावे, तसाच हा प्रकार. इथे गोळ्या मोजावयाच्या नाहीत, गोळी घेतल्याचे दिवस मोजावयाचे. सुटका होते, मात्र पहिले काही दिवस दुखणे अधिक उसळते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. वहिनींना तीन आठवडे फार जड गेले. आज त्यांच्या वहीत महिन्याला तीन-चार दिवस असतात.

मग गोळी घेऊच नये काय? घ्यावी, आणि वेळेवर घ्यावी. झटका आला की जठराचे काम मंदावते, गोळी तशीच पडून राहते. म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध दुखणे सुरू होताच घेतलेले उपयोगी पडते, सहन करून करून रात्री घेतलेले नव्हे. ट्रिप्टान गटातील औषधे हृदयविकार असणाऱ्यांना चालत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे. महिन्याला चार वा अधिक दिवस वाया जात असतील तर प्रतिबंधक औषधाविषयी डॉक्टरांना विचारावे. प्रोप्रॅनोलॉल हे त्यांतील एक जुने औषध. ते मुळात हृदयासाठीचे. हृदयशूळाच्या रुग्णाची अर्धशिशी त्याने थांबल्याचे १९६६ च्या सुमारास योगायोगाने ध्यानी आले. दमेकऱ्यांना मात्र ते वर्ज्य. प्रतिबंधक औषधाचा गुण यावयास सहा ते आठ आठवडे लागतात, आणि आपले लोक पंधराव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून ते सोडतात. सीजीआरपीला अडविणारी इंजेक्शने २०१८ पासून आली आहेत. ती बरीच महाग आहेत.

आता आपल्या समाजाशी थेट संबंध असलेली बाब. उपाशीपोटी अर्धशिशी उठते. इस्रायलमध्ये योम किप्पूरच्या निर्जळ उपवासाविषयी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपवास करणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांचे डोके दुखले, न करणाऱ्यांपैकी केवळ ७ टक्के. आणि ज्यांना मुळात डोकेदुखीची खोड होती, त्यांना त्रास अधिक. आपल्याकडे पर्युषणात पारण्याच्या दिवशी हेच दिसते. पण मी नित्याच्या दिनक्रमाविषयी बोलू इच्छितो. हिवाळ्यात सहापूर्वी जेवण, नंतर चौविहार. सकाळी पूजा, व्याख्यान, घरातल्यांचे डबे, आणि गृहिणीच्या मुखी पहिला घास दहाला. झाले सोळा तास! नवकारशी तर सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी होते. नियम मोडावयाचा नाही. नवकारशी येताच पाणी आणि दोन घास घ्यावेत, एवढेच. सकाळी दूध-जिलेबी देण्याचा जो घरगुती उपाय आहे, त्याचे रहस्य कदाचित जिलेबीत नसून लवकर खाण्यात असावे, असे माझे मत. मोठ्या तपश्चर्येपूर्वी अशा रुग्णाने डॉक्टरांशी आणि गुरुमहाराजांशी, दोघांशीही बोलावे. तत्त्वार्थसूत्रातही तप यथाशक्ती करावे असेच सांगितले आहे. तिविहार करून उकळलेले पाणी घेणाऱ्या सुनेला कोणी कमी लेखू नये.

झोपेची वेळ रविवारीही बदलू नये. ऑरा असणाऱ्या भगिनींनी इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या डॉक्टरांना हे सांगितल्यावाचून घेऊ नयेत. पक्षाघाताचा धोका वाढतो.

आणि सर्वच डोकेदुखी अर्धशिशी नसते. क्षणार्धात कधी नव्हे एवढी भयंकर कळ येणे, तापाबरोबर मान ताठणे, हातपाय लुळे पडणे वा बोलणे अडखळणे, मार लागल्यानंतर डोके दुखू लागणे, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली किंवा गर्भारपणात नव्याने उद्भवलेली डोकेदुखीही विनाविलंब डॉक्टरांना दाखवावी.

सभागृहाच्या दाराशी तारखांचे छापील तक्ते ठेवले आहेत, एका पानावर एक महिना. ज्यांच्या घरी आवश्यकता असेल त्यांनी अवश्य न्यावेत. जय जिनेंद्र.