लाकडाला तेल, चिंधीला पाणी



आपल्या घरात पाट, चौरंग, पेटी, देव्हारा असतो. धूर, धूळ आणि हाताचा मळ बसून लाकूड काळं पडतं. ते घरच्या घरी उजळता येतं.

आम्ही कसं करतो ते सांगतो. चार-पाच रिठे फोडून बिया काढाव्या. साल तांब्याभर कोमट पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी चोळून पाणी गाळावं. त्यात फडकं बुडवून घट्ट पिळावं व लाकूड पुसावं. लाकडावर पाणी ओतू नये, लाकूड फुगतं. लगेच कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवावं.

मग चिंधीनं जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. अर्ध्या तासानं उरलेलं तेल पुसून घ्यावं. शेंगदाण्याचं तेल नको. ते वाळत नाही, धूळ धरतं. जवसाचं तेल हवा खाऊन काही दिवसांत घट्ट होतं.

आता नीट ऐका. हवा खाताना हे तेल तापतं. लाकडावर ती ऊब उडून जाते. पण तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर ऊब आत कोंडते. मग काडी न लावताही चिंध्या पेट घेऊ शकतात. शेजारी कडबा असला, तर घर जायला किती वेळ?

म्हणून काम झालं की चिंधी आधी पाण्यात बुडवा. मग घराबाहेर, मोकळ्या जागी एकेरी पसरून वाळू द्या. पोराबाळांनाही हे सांगून ठेवा.