विद्यापीठीय संशोधनाचा पैस



संशोधन हा शब्द उच्चारला की पांढरा डगला, काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शक यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. न्यायालयाच्या निकालपत्राची चिकित्सा करणारा कायद्याचा प्राध्यापक, नदीकाठी मातीचे थर तपासणारा पुरातत्त्वज्ञ किंवा कुटुंबांच्या खर्चाच्या कोष्टकांवरून दारिद्र्याचे मोजमाप करणारा अर्थशास्त्रज्ञ हेही संशोधकच होत, ही गोष्ट सुशिक्षितांच्याही सहसा ध्यानात येत नाही. या विस्मरणाची किंमत केवळ विद्वानांना मोजावी लागत नाही. समाजातील सर्वांत दुबळ्या घटकांनाही ती मोजावी लागते. हे विधान अतिशयोक्त वाटू नये म्हणून काही प्रत्यक्ष उदाहरणांकडे वळणे इष्ट होईल.

पहिले उदाहरण विज्ञानाचे. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, पंचानन माहेश्वरी यांनी उभारलेल्या परंपरेत, शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोत्र्याचे परागकोश पोषक द्रावणात वाढविण्याचे प्रयोग केले. त्या परागकोशांतून चक्क भ्रूण उगवले, आणि त्यांत मूळ वनस्पतीच्या निम्मीच गुणसूत्रे होती. १९६४ साली 'नेचर' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. अशा रोपातील गुणसूत्रे दुप्पट केली की एकाच पिढीत शुद्ध वाण हाती येतो. एरवी त्यासाठी सहा-सात पिढ्यांची निवड करीत बसावे लागते. भात, गहू, बार्ली, तंबाखू अशा अनेक पिकांच्या पैदाशीत पुढे जगभर या तंत्राचा उपयोग झाला. तथापि त्या दोघांचे उद्दिष्ट नवे बियाणे बाजारात आणण्याचे नव्हते. वनस्पतीच्या पेशीचे वर्तन समजून घेण्याची ती धडपड होती. 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न त्यांना पहिल्याच दिवशी विचारला असता आणि समाधानकारक उत्तरावर अनुदान अवलंबून ठेवले असते, तर तो प्रयोग कदाचित झालाच नसता.

दुसरे उदाहरण कायद्याचे, आणि ते महाराष्ट्राच्या भूमीवरचे आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावरून संमतीचा निष्कर्ष काढण्यात आला. सप्टेंबर १९७९ मध्ये दिल्ली विद्यापीठातील उपेंद्र बक्षी, लतिका सरकार व रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरणागती या दोन भिन्न गोष्टी आहेत. पोलीस ठाण्याच्या बंद दाराआड भीतीने गप्प राहणारी मुलगी संमती देत नसते, हा त्या पत्राचा गाभा होता.

या कार्याला प्रयोगशाळा लागली नाही. लागले ते ग्रंथालय, पूर्वीच्या निकालांचा व्यासंग, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला 'आपण चुकलात' असे सांगण्याचे धैर्य. ते पत्र महिला संघटनांनी उचलून धरले, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. ताब्यातील स्त्रीवरील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे त्या स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, हे तत्त्व पुरावा कायद्यात आले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. येथे कार्यकर्त्यांनी एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानी घ्यावी. चळवळ नसती तर ते पत्र कपाटात पडून राहिले असते, आणि पत्र नसते तर चळवळीच्या संतापाला कायद्याची अचूक भाषा मिळाली नसती.

तिसरे उदाहरण मानव्यविद्यांचे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या कालखंडातील शेतकऱ्यांची ही वसाहत. जळालेल्या धान्याचा अभ्यास वनस्पतितज्ज्ञांनी केला, हाडांचा प्राणितज्ज्ञांनी, मानवी सांगाड्यांचा शरीरमानवशास्त्रज्ञांनी. त्यातून कळले की या लोकांनी बांध घालून पुराचे पाणी वळविले होते आणि बार्लीची शेती केली होती. पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस घटला, शेती खालावली आणि माणसे पशुपालनाकडे वळली, असा अर्थ उत्खननकर्त्यांनी लावला. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्याचा हा तीन हजार वर्षांपूर्वीचा इतिहास कोणत्याही एका विद्याशाखेला एकटीने वाचता आला नसता.

त्याच पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांचा खर्च दररोज २,२५० उष्मांक पुरविणाऱ्या किमान जीवनमानापेक्षाही कमी होता, असे त्यांनी आकडेवारीने दाखविले आणि सार्वजनिक कामांतून रोजगार पुरविण्याचा आग्रह धरला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग चोखाळला आणि १९७७ साली त्याचा कायदा केला. या योजनेचे प्रमुख श्रेय वि. स. पागे यांचे आणि दुष्काळी कामांवर राबलेल्या व लढलेल्या मजुरांचे आहे, यात संशय नाही. परंतु गरिबी हा गरिबाचा दोष नसून रोजगाराच्या अभावाचा परिणाम आहे, हे अशा अभ्यासांनी आकड्यांनिशी मांडले, म्हणूनच हमीच्या मागणीला बळकटी आली.

आता कोणी म्हणेल की गरीब देशाला ही चैन परवडणार कशी? रोग, शेती, ऊर्जा यांपुरते संशोधन करावे. प्राचीन मडकी आणि जुन्या पोथ्या श्रीमंत देशांसाठी सोडाव्यात. या आक्षेपात एक गृहीतक दडलेले आहे. उपयुक्त ज्ञान कोणते, हे आधीच ओळखता येते असे ते गृहीतक होय. वरील उदाहरणांनी ते खोटे ठरते. शिवाय समाजाचे प्रश्न विद्याशाखांच्या भिंती पाहून जन्माला येत नाहीत. धरणाचा प्रश्न अभियंत्याचा आहे, तितकाच तो भूसंपादनाच्या कायद्याचा, विस्थापितांच्या अर्थकारणाचा आणि बुडणाऱ्या गावाच्या स्मृतीचाही आहे. या सर्व विद्या एका आवारात नांदतात ते ठिकाण म्हणजे विद्यापीठ. स्वातंत्र्योत्तर काळात विज्ञान संशोधनाचा मोठा भाग राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे गेला. त्या प्रयोगशाळांचे कार्य मोलाचे आहे. परंतु त्यामुळे संशोधन एकीकडे आणि विद्यार्थी दुसरीकडे अशी फारकत झाली.

आजचे चित्र या पार्श्वभूमीवर तपासावे लागेल. २०२०-२१ साली भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यातील उच्च शिक्षणसंस्थांचा वाटा एकदशांशाहूनही कमी होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सर्व विद्याशाखांना अनुदान देणाऱ्या प्रतिष्ठानाचे आश्वासन दिले. २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. त्यात नैसर्गिक विज्ञाने, अभियांत्रिकी, आरोग्य, शेती यांना पूर्ण स्थान मिळाले. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांना मात्र विज्ञान-तंत्रज्ञानाशी जेथे त्यांचा संबंध येतो तेवढ्यापुरतेच. म्हणजे धोरणात ज्यांना घरात घेतले, त्यांना कायद्यात ओसरीवर बसविले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे जे लक्ष्य सांगण्यात आले, त्यातील सुमारे ३६,००० कोटी शासनाबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून व देणगीदारांकडून, यावेत अशी अपेक्षा होती.

अर्थशास्त्राचा एक साधा सिद्धान्त येथे आठवावा. ज्या ज्ञानाचा लाभ सर्वांना मिळतो आणि कोणालाही त्याचे कुंपण घालता येत नाही, त्यावर खाजगी भांडवल पुरेसा पैसा लावत नाही. धोत्र्याच्या परागकोशावर, मथुरेच्या निकालावर किंवा इनामगावच्या जळक्या धान्यावर कोणता उद्योगपती नफ्याच्या आशेने पैसे लावील? हा खर्च समाजाने, म्हणजे शासनाने, करावयाचा असतो.

ज्ञान निर्माण झाले तरी ते पोहोचण्याचा प्रश्न उरतोच. २०१२ साली तीन परदेशी प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठावर आणि तेथील झेरॉक्सच्या एका दुकानावर दावा लावला. अभ्यासासाठी पुस्तकांतील प्रकरणांच्या प्रती काढून देणे हा हक्कभंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. महागडी पुस्तके विकत घेऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याचा हा विजय स्वामित्वहक्क कायद्याच्या अभ्यासकांनी सोपा करून दिला होता.

यातून कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले, आपल्या विद्यापीठात व महाविद्यालयांत अध्यापकांच्या किती जागा रिक्त आहेत आणि किती तासिका तत्त्वावर भरल्या आहेत, याची माहिती मागवावी. ज्याला पुढच्या सत्राची शाश्वती नाही, तो दहा वर्षांचे संशोधन हाती घेऊ शकत नाही. दुसरे, अधिसभेच्या निवडणुकीत पदव्यांच्या दाखल्यांच्या तक्रारींबरोबर संशोधनाच्या अंदाजपत्रकाचाही प्रश्न विचारावा. तिसरे, आपल्या तालुक्यातील पाणी, जमीन, मजुरी यांचे प्रश्न घेऊन प्राध्यापकांच्या दारी जावे आणि त्यांना आपल्या अभ्यासवर्गांत आणावे. विद्यापीठ समाजापासून दूर गेले, अशी तक्रार वारंवार होते. ते अंतर कमी करण्याची निम्मी जबाबदारी समाजाकडेही आहे.