खेळातला वाटा



आम्ही कामगार संघटनेत काम करणारी माणसे. आमची शाळा थोडी. बाकीचे शिक्षण गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. म्हणून आजचा विषय आम्ही आमच्याच वाटेने मांडतो.

10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. तिच्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा भरवल्या. ती सुट्टी मेहेरबानी नव्हती. माणूस नुसता कामापुरता जन्माला येत नाही, ही गोष्ट तिने पदरात पाडून दिली. आता आम्ही विचारतो, पायाने अधू असलेल्या मुलाच्या वाट्याला तो रविवार आला आहे काय?

त्या मुलाबद्दल घरात दोनच विचार होतात: उपचार कोणता करावा, आणि पुढे पोटाचे काय. दोन्ही काळज्या खऱ्या. पण त्याचा खेळ कोणाच्याच हिशेबात नसतो. आळीतली मुले मैदानावर जातात, हा खिडकीशी बसतो. फार झाले तर त्याला धावा लिहायला बसवतात. धावा लिहिणे वाईट नव्हे. दर वेळी त्यानेच लिहाव्या, हे वाईट. मनात आणले तर मुले तोड काढतात: बॅट हा धरील, पळेल दुसरा. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये ही सोय 2011 साली बंद झाली; आपल्या आळीत ती बंद करण्याचे कारण नाही.

कोणी म्हणतील, अशा मुलांसाठी वेगळे कार्यक्रम होतातच की. होतात. 3 डिसेंबरला जागतिक दिन येतो, फळे वाटतात, फोटो निघतो. पण दोस्ती वर्षातून एकदा होत नसते. ती रोजच्या भांडणातून, हरण्याजिंकण्यातून, गणपतीच्या मांडवात मिळून केलेल्या कामातून होते.

1965 च्या युद्धात जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. त्यांचा आम्हांला अभिमान आहे. परंतु खेळायला मिळण्यासाठी पदकाची अट कशाला? धडधाकट मुलाला आपण ती घालत नाही.

कायदा आपल्या बाजूचा आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात करमणूक, सांस्कृतिक जीवन आणि खेळ यांतला समान वाटा लिहिलेला आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सोयीच्या करण्याची 5 वर्षांची मुदत 2022 साली संपली. पण कायद्याचा कागद आपल्या पायांनी चालत नाही, हे आम्हां संघटनेच्या माणसांना चांगले ठाऊक आहे. त्याला चालवावे लागते.

तेव्हा काम घराजवळून सुरू करा. वाचनालयाचा ओटा दीड फूट उंच असेल, तर त्याला सुमारे 18 फूट लांबीचा उतार लागतो. उंचीच्या 12 पट, हा हिशेब गवंड्याला सांगा. आखूड, उभा उतार म्हणजे नुसता देखावा. बागेच्या फाटकातून चाकांची खुर्ची आत जाते का, शौचकूप वापरता येते का, ते मापून पाहा आणि नगरपालिकेकडे दहा जणांच्या सह्यांनी मागणी करा. मंडळांनी सहलीची जागा ठरवण्याआधी त्या मुलाला विचारावे. त्याच्या आईला नव्हे, त्याला.

आमच्या चळवळीने एक धडा शिकवला: एकट्याने मागितले की ती याचना ठरते, सर्वांनी मिळून मागितले की तो हक्क होतो. खिडकीतले ते मूल एकटे आहे. त्याच्या बाजूने आळीने उभे राहावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.