उमेदवारी : पाहुण्यांची आणि आपली



आजच्या विषयासाठी 'इंटर्न' हा शब्द वापरावा, असं मला सुचवण्यात आलं होतं. तो शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे, त्यामुळे तो वापरायला हरकत नव्हती. पण आपल्या घरांत त्यासाठी एक जुना शब्द पडून आहे, तो झटकून पुन्हा वापरावा असं मला वाटलं. तो शब्द म्हणजे उमेदवार. आज निवडणुकीला उभा राहतो तो उमेदवार. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी मात्र कचेरीत, वकिलाच्या ओटीवर किंवा छापखान्यात बिनपगारी राहून, पडेल ते काम करून धंदा शिकणाऱ्या मुलाला उमेदवार म्हणत. शब्द फारसी 'उमेद'वरून आला. गाठीला आशेपलीकडे काही नाही, तो उमेदवार.

आपल्या या जोडगावात गेल्या काही वर्षांत अशी परदेशी उमेदवार मुलं दिसू लागली. अमेरिकेत उद्योजक म्हणून नाव मिळवलेले गुरुराज देशपांडे आणि जयश्री देशपांडे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या देशपांडे फाउंडेशनचं काम हुबळीत उभं राहिलं आणि त्या निमित्ताने परदेशी विद्यापीठांतली मुलंमुली इथे येऊ लागली. कुणी शेततळ्यांच्या कामावर, कुणी शाळेत, कुणी बचतगटात. अशी देवाणघेवाण जगात नवी नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर, काल एकमेकांवर बाँब टाकणाऱ्या देशांतली मुलं उद्या एकमेकांच्या कारखान्यांत काम शिकू देत, या विचाराने १९४८ साली युरोपात विद्यार्थ्यांच्या दोन मोठ्या संघटना सुरू झाल्या, आयेस्टे आणि आयसेक. विचार साधा होता. प्रवासी म्हणून गेलात तर देश दिसतो. कामाला गेलात तर माणसं भेटतात.

ही मुलं इथे काय पाहतात ते तुम्ही जाणता. उन्हाळ्यात येणाऱ्याला हुबळीची काळी, भेगाळलेली जमीन दिसते. वीस किलोमीटरवर धारवाडला पोचलं की माती तांबडी होते आणि हवा बदलते. चिगरी बसमधून तो रोज ये-जा करतो. हुबळी स्टेशनच्या दीड किलोमीटर लांबीच्या फलाटाचा तो फोटो काढतो. पहिल्या आठवड्यात गिरमिट आणि मिरची भजी खाऊन डोळे पुसतो, तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून मागतो. धारवाडचा पेढा त्याला आवडतो, आणि तो पेढा करणारं ठाकूर घराणं उत्तरेतल्या उन्नावहून इथे आलं हे कळल्यावर त्याला थोडा धीरही येतो. बाहेरून आलेल्याचं नाव गावाच्या नावाला चिकटू शकतं, हे त्याला त्या पेढ्याने सांगितलेलं असतं.

इथवर सगळं गोड आहे. पण पेढ्यापुढचं काही आज बोलायला हवं.

आठ-दहा आठवड्यांत माणूस काय शिकतो? खरं सांगायचं तर गावाबद्दल थोडं आणि स्वतःबद्दल बरंच. यात वाईट काही नाही. अडचण पुढे येते. नवलगुंदकडच्या एखाद्या खेड्यात हा मुलगा शेतकऱ्याच्या बायकोला प्रश्न विचारतो, तेव्हा मध्ये एक तिसरा माणूस उभा असतो. कलघटगीचा किंवा कुंदगोळचा, वीस-बावीस वर्षांचा, कन्नडमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून कन्नडमध्ये शब्द वाहून नेणारा मुलगा. पाहुण्याने काय विचारलं ते तो सांगतो. बाईने काय सांगायचं टाळलं तेही त्याला कळतं. अहवालावर नाव पाहुण्याचं असतं. उमेदवारी मात्र त्या मुलाची झालेली असते. पाहुणा परत जातो, त्याच्या हाती प्रमाणपत्र असतं. हा मुलगा पुढच्या वर्षी पुढच्या पाहुण्यासाठी तेच प्रश्न पुन्हा विचारतो आणि ती बाई तीच उत्तरं पुन्हा देते. परदेशी मुलांचं कौतुक करताना आपण या मुलाकडे पाहिलं नाही, तर ते कौतुक अर्धंच राहील.

मग पुरी उमेदवारी कशी असते? तिची उदाहरणं शोधायला आपल्याला गाव सोडावं लागत नाही.

१८५३ साली एकवीस वर्षांचा एक जर्मन तरुण बासेल मिशनतर्फे हिंदुस्थानात आला आणि धारवाडला पोचला. फर्डिनांड किटेल त्याचं नाव. मिशनचं काम धारवाडात १८३७ पासून सुरू होतं, म्हणजे वाट मळलेली होती. किटेलने मात्र आपली वेगळी वाट धरली. तो लोकांत मिसळला, पायी हिंडला, इथल्या माणसांसारखं राहू पाहू लागला. वरिष्ठांना ते फारसं रुचलं नाही. धर्मप्रसारासाठी आलेल्या या माणसाच्या हातून शेवटी झालं ते भाषेचं काम. १८९४ साली त्याचा कन्नड-इंग्रजी कोश मंगळुरूला छापून झाला. सुमारे सत्तर हजार शब्दांचा. कन्नडमधले कोणते शब्द मराठीशी नातं सांगतात, हेही त्याने त्यात जागोजाग नोंदवलं आहे. आपल्या दोन भाषांची सोयरीक एका जर्मन माणसाने चाळीस वर्षं खपून मांडून ठेवली. धारवाडच्या महाविद्यालयाला त्याचं नाव आहे. त्या दारावरून आपण रोज जातो.

दुसरा उमेदवार आपल्याच भाषेतला. कोल्हापूरचा एक पोरगा, शांताराम वणकुद्रे. गंधर्व नाटक मंडळीत थोडे दिवस काढून पुढे तो हुबळीला आला. इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये त्याने हत्यारं हातात धरली आणि इथल्याच एका सिनेमागृहात दारावर उभं राहण्यापासून पडेल ते काम केलं. पडद्यावर हलणारी चित्रं तो रोज बघत होता. १९२० च्या सुमारास तो कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाला आणि पुढे व्ही. शांताराम झाला. त्याला यंत्राची भीती नव्हती. ती कुठे गेली असेल, याचा अंदाज हुबळीच्या वर्कशॉपचा भोंगा ऐकत वाढलेल्या कुणालाही करता येईल.

तिसरं उदाहरण गाण्यातलं. गदगचे भीमसेन अकरा वर्षांचे असताना गुरूच्या शोधात घरातून निघाले. ग्वाल्हेर, रामपूर, कलकत्ता, जालंधर इतकी भ्रमंती झाली, आणि गुरू भेटले ते कुंदगोळला, घरापासून हाकेच्या अंतरावर. सवाई गंधर्व, म्हणजे मराठी रंगभूमी गाजवलेले रामभाऊ कुंदगोळकर. गुरुगृही पाणी भरणं, पडेल ते काम करणं, मग गाणं. त्याच काळात हुबळीहून गंगूबाई हनगल आगगाडीने कुंदगोळला शिकायला जात. संध्याकाळी त्यांना स्टेशनवर पोचवायला भीमसेन येत आणि आज काय शिकवलं ते वाटेत विचारून घेत, अशी आठवण सांगतात. तालमीबाहेरच्या त्या वाटेवरही शिकणं चालूच होतं.

या तिघांत समान काय आहे ते पाहा. पहिलं, वेळ. घड्याळ बघून कुणी शिकलं नाही. दुसरं, हाताला काम. कोशाच्या चिठ्ठ्या, वर्कशॉपची हत्यारं, पाण्याच्या घागरी. तिसरं, मधला माणूस नाही. किटेल स्वतः कन्नड बोलला, म्हणूनच त्याला शब्द मिळाले.

आता मी तुमच्याकडे, म्हणजे आपल्याकडे वळतो. अशी परदेशी मुलं आपल्या घरी येतात, कुणाची खोली भाड्याने घेतात, कुणाकडे सणाला जेवायला येतात. आपण काय करतो? पाट मांडतो, रांगोळी घालतो, पुरणपोळी वाढतो, फोटो काढतो. पाहुणचारात आपली घरं कुणाला हार जाणार नाहीत. पण पाटावर बसवलेला माणूस स्वयंपाकघरात येत नाही. आदर हासुद्धा दूर ठेवण्याचा एक सभ्य मार्ग असतो. त्या मुलीला एक दिवस भाकरी थापायला बसवा. तिची भाकरी फाटेल, तुमच्या आजी हसतील आणि मग कन्नड-मराठी मिसळून सांगतील की पीठ कोमट पाण्यात भिजव. त्या एका वाक्यात तिला जे कळेल ते दहा मेजवान्यांत कळणार नाही. आणि तिच्याबरोबर आलेल्या कलघटगीच्या मुलालाही दाराशी उभं न ठेवता पंगतीत घ्या. तिच्या शेजारी नव्हे, तिच्या बरोबरीने.

प्रश्न इथे थांबत नाही. आज आपलीही मुलं उमेदवारीला जातात, पुण्याला, बंगळुरूला, पुढे जर्मनीला आणि कॅनडाला. फोनवर ती सांगतात, 'इथली माणसं चांगली आहेत, पण आत घेत नाहीत.' हे ऐकून आपल्याला वाईट वाटतं. तेव्हा स्वतःला एक गोष्ट विचारावी. आपण या गावात किती पिढ्या आहोत? कुणी पेशवाईपासून, कुणी सदर्न मराठा रेल्वेबरोबर, कुणी नोकरीच्या बदलीने येऊन राहिलेले. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, कचेरीत मराठी चालून जायची, आणि त्या सवयीने आपल्यापैकी काही घरांनी कन्नड फक्त बाजारापुरती ठेवली. बोलता येते, वाचता येत नाही. म्हणजे आपली उमेदवारी अजून पुरी झालेली नाही.

मराठी सोडा असं मी म्हणत नाही. या मंडळाच्या व्यासपीठावरून तसं म्हणणं शोभणारही नाही. धारवाडनेच दाखवलं आहे की दोन्ही होतं. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. त्यांनी कन्नडला अशी कविता दिली की १९७३ चं ज्ञानपीठ त्यांच्याकडे आलं, आणि मराठीतही ते लिहित राहिले. याच गावात जी. ए. कुलकर्णी महाविद्यालयात इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहित. गावाने दोघांनाही सामावून घेतलं. अण्णा, अक्का हे आपले शब्द कन्नडमधून आले. ते हाक मारताना आपल्याला परके वाटतात का?

तेव्हा येत्या वर्षासाठी मी दोन गोष्टी सुचवतो. मंडळाने परदेशी मुलांच्या सत्काराचा एक कार्यक्रम कमी करावा आणि त्याऐवजी महिनाभर आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग घ्यावा. त्यात ती मुलं मराठी आणि कन्नड दोन्ही शिकतील, आणि त्याच बाकावर आपल्यातले ज्यांना कन्नड अक्षरं येत नाहीत तेही बसतील. शिकवायला आपल्याला तो कलघटगीचा मुलगा बोलावता येईल, मानधन देऊन. दुसरी गोष्ट, त्या मुलांच्या अहवालात इथल्या दुभाषाचं नाव लिहिलेलं असावं, असा आग्रह त्यांच्या संस्थांकडे आपण धरावा.

साठाव्या वर्षी पाटीवर 'अ आ इ ई' काढायला संकोच वाटेल हे मला ठाऊक आहे. पण शेजारी कॅनडाहून आलेली वीस वर्षांची मुलगी तेच अक्षर चुकत बसलेली असेल. तिच्या वहीत डोकावून बघा आणि तिला तुमच्या वहीत डोकावू द्या. वर्गाची नावनोंदणी आजपासून सुरू करावी, अशी मी कार्यवाहांना विनंती करतो. पहिलं नाव माझं लिहावं.