माळाची माती आणि आपली वर्गणी
(माजलगांव येथें वर्गणीदारांच्या सभेंत केलेलें भाषण)



कमिटीचा हिशेब चिटणिसांनीं आतांच आपणांपुढें मांडला. धान्य किती वांटलें, कडबा किती आला, पाण्याच्या टांक्या कोठें ठेवल्या, हें सर्व आपण ऐकलें. मला जें सांगावयाचें आहे तें या हिशेबांत कोठेंच नाहीं. आणि तें नाहीं म्हणूनच दर दुष्काळांत आपणांस पुन्हां पुन्हां येथें जमावें लागतें, असें माझें नम्र मत आहे. मी धंद्यानें वकील; शेतकीच्या शास्त्रांतला पंडित नव्हें. परंतु साक्षीदार समोर असतां त्याची जबानी न घेतां निकाल देणें हा आमच्या धंद्यांत मोठा दोष समजतात. आजच्या प्रकरणांतील मुख्य साक्षीदार आपल्या गांवांवरची माळाची माती होय. तिची जबानी आपण आजवर घेतलेली नाहीं.

सिंदफणेच्या व गोदावरीच्या कांठच्या खोल काळ्या जमिनीविषयीं मी बोलत नाहीं. तिच्यासाठीं माजलगांवचें धरण झालें; तें 1987 सालीं पुरें होऊन कालवे वाहूं लागले. पण पाटाचें पाणी उतारानें जातें, माळावर चढत नाहीं. माळावरची माती निराळी आहे. वर वीतभर, फार तर हातभर, भुरकट पोयटा. त्याच्याखालीं चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांचा थर. आणि त्याखालीं मुरूम. ती ओळखण्यास प्रयोगशाळा नको. खालचा पांढरा खडा घेऊन त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येऊन तो चुरचुरूं लागतो. शेतकीचे पदवीधर पातळ आम्ल टाकून हीच परीक्षा करितात.

ही चुनखडी आली कोठून? आपल्या डोंगराचा काळा दगड व कोंकणांतल्या डोंगराचा काळा दगड एकच. परंतु कोंकणांत धो धो पाऊस पडतो. दगड झिजून निघालेला चुना पाण्याबरोबर समुद्रास जातो व मागें तांबडा जांभा राहतो. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरीनें साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास. तेवढें पाणी चुना विरघळवून हातभर खालीं नेतें, पण बाहेर काढूं शकत नाहीं. पाणी उन्हानें उडून जातें, चुना तेथेंच खडा होऊन बसतो. म्हणजे हा पांढरा थर आपल्या पावसानें हजारों वर्षें लिहून ठेवलेलें चोपडेंच आहे. येथें किती पाऊस होतो व तो किती खोल मुरतो, हें त्यांत नोंदलेलें आहे.

अशा मातीचे गुण व दोष दोन्ही ऐका. ती निःसत्त्व नाहीं. चुन्यामुळें तिचे कण भुसभुशीत राहतात, आणि गवताच्या मुळांनी ती बांधलेली असली म्हणजे पाणी चांगलें पिते. पण गवत गेलें कीं तिच्यासारखी दुबळी माती नाहीं. पहिल्या वळवाचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आपटले म्हणजे तिच्या तोंडावर पापुद्रा धरतो, आणि पुढचें पाणी मुरण्याऐवजीं माती घेऊन ओढ्यास लागतें. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारें एक लाख लिटर पाणी होतें. जें पाणी माळ गिळूं शकला असता तें आपण जाऊं देतों, आणि वैशाखांत तेंच टँकरनें विकत आणतों! व्यापारी मंडळींस या व्यवहारांतला तोटा मीं समजावून सांगावा असें नाहीं.

दुसरा दोष असा कीं, चुना फार झाला म्हणजे स्फुरद, लोह व जस्त हीं मातींत असूनहि रोपाला मिळत नाहींत. तिजोरी भरलेली असावी व किल्ली हरवावी तशी गत होते. पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यालाच आपले शेतकरी केवडा म्हणतात.

हें मला पुस्तकांतून प्रथम समजलें असें नाहीं. माझ्या स्वतःच्या चुकीनें समजलें. मागील एका दुष्काळांत गांवच्या माळावर झाडें लावण्याचा आग्रह माझाच होता. वर्गणी मिळाली, शोभिवंत जातींचीं रोपें आणिलीं, समारंभ झाला, भाषण मीच केलें. खड्डे हातभर खणून पांढरा थर लागतांच मजूर थांबले, व मीही चालेल म्हणालों. गांवचा एक म्हातारा मेंढपाळ त्या वेळीं म्हणाला, “वकीलसाहेब, इथं बोर येतं, बाभूळ येते, हिवर येतो. हे पाहुणे टिकायचे नाहींत.” मी हंसलों. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक रोपें पिवळीं पडून वाळलीं. तो पैसा आपला होता, सबब ही कबुली आपल्यापुढें देणें मला प्राप्त आहे.

मग या मातीला मानवतें काय? गवत. मारवेल, पवना यांसारखीं उत्तम गवतें या माळांचीं मूळचीं मालकीण आहेत. अति चराईनें प्रथम तीं जातात, मागें कुसळ राहते, आणि शेवटीं कुसळहि जाऊन मुरूम उघडा पडतो. झाडांत बोर, बाभूळ, कडुनिंब, आणि सीताफळ. डोंगरउतारावरील याच हलक्या जमिनींतल्या बीडच्या सीताफळाला 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

हा नुसता तर्क नव्हे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें पाऊस आपल्याहून कमी. तेथें श्री. पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखालीं गांवानें चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, डोंगरावर समतल चर खणले, आणि गवत कापून नेण्याची शिस्त लाविली. ज्या गांवांतून लोक पोटासाठीं बाहेर पडत, तेथें ते परत येऊं लागले. आपल्या जिल्ह्यांतून तर दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं घरेंच्या घरें बाहेर पडतात. मागें राहतात म्हातारीं माणसें व दुभतीं जनावरें. चारा नसला कीं तीं जनावरें मिळेल त्या किंमतीस बाजारांत जातात, आणि घर परत येतें तेव्हां दावण रिकामी असते.

आतां हिशेब पाहूं. एका मोठ्या जनावरास रोज सहा किलो कोरडा चारा धरला तरी उन्हाळ्याच्या चार महिन्यांस सातशें वीस किलो लागतो. शंभर जनावरांस बहात्तर टन. दुष्काळांत हा चारा दूरच्या जिल्ह्यांतून दामदुपटीनें आणून आपण छावणींत घालतों. छावणी बंद करा असें मी म्हणत नाहीं. आज उपाशी असलेल्या गाईला पुढील वर्षाचें गवत दाखवून भागत नाहीं. परंतु प्रत्येक वर्षीं गंजी विकत घ्यावयाची आणि कुरण मात्र उघडें ठेवावयाचें, ही रीति शहाणपणाची नव्हे.

येथें मला वकिलाच्या नात्यानें दोन शब्द बोललें पाहिजेत, व ते कित्येकांस कडू लागतील. गायरान हें गांवाचें आहे. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याविषयीं सर्वोच्च न्यायालयानें 28 जानेवारी 2011 रोजीं जगपालसिंग यांच्या प्रकरणांत सर्व राज्यांस स्पष्ट आज्ञा केली आहे. त्याच निकालांत भूमिहीन मजूर व मागासलेल्या जातिजमातींस सरकारी हुकुमानें दिलेल्या जमिनींचा अपवादहि सांगितला आहे. तेव्हां या निकालाचें नांव घेऊन कोणी गरिबाच्या दोन एकरांवर हात टाकूं म्हणेल, तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. पण ज्यांची बागायत भरपूर असून ज्यांचा बांध दरसाल दोन तास गायरानांत सरकतो, असे गृहस्थ या सभेंत नाहींत असें मला शपथेवर म्हणतां येणार नाहीं. त्यांनीं वर्गणी देण्यापूर्वीं बांध मागें घ्यावा. ती वर्गणी आम्ही पावतीपुस्तकांत सर्वांत वर लिहूं.

सारांश, कमिटीपुढें माझी सूचना एवढीच आहे. जमा होणाऱ्या रकमेचा चौथा हिस्सा माळाकडे लावावा. त्यांतून समतल चरांची मजुरी द्यावी, म्हणजे तोच पैसा आज दुष्काळी मजुरांच्या पोटांत जाईल. मारवेल व पवना यांचें बीं व ठोंब आणावेत. आणि गायरानाचा तिसरा हिस्सा आळीपाळीनें दोन पावसाळे राखावा. राखणीचें काम मेंढपाळांस सल्ल्यांत घेऊन, त्यांच्या कळपांस दुसरी वाट देऊन करावें. त्यांच्यावर केवळ बंदी लादली तर ती एक महिना टिकणार नाहीं. रोप लावावयाचें तेथें पांढरा थर फोडून मगच लावावें.

व्यापारी बंधूंनो, आपण पैसे द्यावेत. जमीनदार मंडळींनीं गाडी, ट्रॅक्टर व बांधाची प्रामाणिक हद्द द्यावी. ज्यांस दोन्ही शक्य नाहीं त्यांनीं दोन पावसाळे आपलें जनावर राखीव तुकड्यांत सोडूं नये. तीहि मोठीच देणगी आहे. माती न्यायाधीशासारखी आहे. ती उशिरां निकाल देते, पण पुराव्यावर देते. पुढल्या सभेंत मला पुन्हां चुकीची कबुली देण्याची पाळी आणूं नये, एवढें मागून मी आपली रजा घेतों.