आईचा व्हिसा



अमेरिकेला कसं जायचं यावर मला बोलायला सांगितलंय. माझं सोपं होतं, कंपनीने कागद केले. आईचं सांगते.

माझ्या बाळंतपणाला ती हवी होती. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात २१४ (ब) हे कलम आहे. पर्यटक व्हिसा मागणारा तिकडेच राहायला निघालाय असं धरून चालतात. परत येणार हे आपण पटवायचं. मी पडले इंजिनिअर! फोनवरून आईकडून वीस उत्तरं पाठ करून घेतली, आपण सनावळ्या करायचो तशी. सातबारा, पासबुक, घरपट्टीची पावती अशी जाडजूड फाइल दिली. कापूरहोळच्या चौकातून पहाटेची एसटी धरून ती मुंबईला गेली. खिडकीपुढे तीन प्रश्न आणि नकार. फाइल उघडलीच नाही. फी तर परत मिळतच नाही.

“परत का येणार?” यावर ती म्हणाली होती, “माझे भारताशी दृढ संबंध आहेत.” माझंच वाक्य. आईने जन्मात ‘दृढ’ म्हटलं नसेल.

बाळंतपण तिच्याविना झालं.

पुढच्या वर्षी फॉर्म नीट भरला, मराठीत मुलाखत मागितली, शिकवलं काही नाही. ती म्हणाली, “लावणी उरकून जाते, कापणीला यायलाच पाहिजे. इंद्रायणी थांबत नाय.”

व्हिसा मिळाला. त्या उत्तरामुळेच, असं मी म्हणणार नाही. कारण ते सांगत नाहीत.

नात तेव्हा चालायला लागली होती.

कुणाच्या आईवडिलांचा फॉर्म भरायचा असेल तर चहाला भेटा. उत्तरं मात्र शिकवणार नाही.